रातांब्याच्या रंगाची गाडी

तोंडवळीच्या किनाऱ्यावर कधी मोटार येईल, असं एकसष्ट सालापर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची लांबच लांब पट्टी. तिच्यावर माड, सुरूची झाडं आणि मासेमारी करणाऱ्यांची घरं. मसुऱ्याकडून येणारी वाट बैलगाडीची, तीही शेवटी शेवटी वाळूत हरवून जायची. पण त्या वर्षीच्या चैत्रात काशीराम आपली ऑस्टिन घेऊन आलाच. मुंबईहून कोल्हापूर, घाट उतरून तळेरे, तिथून विचारत विचारत मसुरे, आणि अखेरच्या टप्प्यात चाकांखाली माडाची झापं घालत, चार गडी मागून ढकलत, गाडी त्याच्या बायकोच्या, यमुनाबाईच्या, घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

यमुनाबाई त्या वेळी बाजारातून परतत होती. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. खळ्यात जमलेली माणसं बघून ती भराभर पुढे आली, गर्दी बाजूला झाली आणि समोर ती दिसली. चार चाकं, दोन वाटोळे दिवे आणि धुळीने माखलेलं लांबट नाक. यमुनाबाईने पाटी खाली ठेवली आणि शेजारच्या गंगूला म्हणाली, "बघ गो, इली शेवटी. माझी सवत."

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण ती नुसती थट्टा नव्हती. लग्नानंतर वर्षभरात काशीराम मुंबईला गेला तो वाळकेश्वरच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. घरी यायचा गणपतीला आणि शिमग्याला. आला की ओट्यावर बसून चार माणसांत त्याच्या गप्पा गाडीच्याच. गाडी किती नाजूक, तिला ऊन कसं सोसत नाही, रोज सकाळी तिला पुसल्याशिवाय तो चहासुद्धा कसा घेत नाही. यमुनाबाई चुलीपुढे बसून ऐकायची. एकदाच तिच्या मनात आलं होतं की, आपल्या पाठीवरून ह्या माणसाचा हात वर्षात किती वेळा फिरतो, आणि त्या लोखंडाच्या पाठीवरून किती वेळा. मग तिने तो विचार भाताच्या पेजेबरोबर उतू जाऊ दिला आणि पुन्हा काही त्या विचाराकडे बघितलं नाही.

शेठ वारले. मुलांनी नवी गाडी घेतली. शेठाणीबाईंनी एके दिवशी किल्ली काशीरामच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तू नेली नाहीस तर ही भंगारात जाईल." म्हणून त्याने ती आणली, आणि गाडीबरोबर स्वतःलाही कायमचं घरी आणलं.

झापांचा एक मांडव घालून त्याने तिला त्याखाली उभं केलं. पण पाऊस सुरू झाला, समुद्रावरून खारा वारा सुटला, आणि श्रावणात काशीरामला अर्धांग झालं. सकाळी उठायला गेला तर डावं अंग त्याचं राहिलंच नव्हतं. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. मसुऱ्याच्या वैद्यांनी तेलं दिली, मुलगी हिरा देवगडहून येऊन महिनाभर राहून गेली, आणि दिवाळीपर्यंत तो काठी घेऊन ओट्यापर्यंत येऊ लागला. डावा हात मात्र बाहीत नुसता लोंबत राहायचा. ओट्यावर बसायचा आणि मांडवाखालच्या गाडीकडे बघत राहायचा. यमुनाबाई पाटी घेऊन जायची तेव्हा तो बघत असायचा, परत यायची तेव्हाही.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली तर ओटा रिकामा. काठी वाटेत पडलेली. काशीराम गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून वाळूत बसला होता, खरं तर पडला होता, आणि उजव्या हाताच्या मुठीत फडकं घट्ट धरलेलं होतं.

"कित्याक उठलात?" तिने त्याला काखेत हात घालून उभं करत विचारलं. "मी येयसर थांबूक काय झाला?"

"तिची दशा बघ गो काय झाली ती," काशीराम म्हणाला.

"तुमची काय झाली ती बघलात?"

त्याला धाप लागली होती. तिने त्याला ओट्यावर आणून बसवलं, पाणी दिलं, गुडघ्याला लागलेली वाळू झाडली. मग तिला दिसलं की, त्याच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि ते पडल्याचं नाही. तिला राग आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. त्याच्या मुठीतलं फडकं तिने ओढून घेतलं.

"द्या हयसर. सांगा, कसा पुसूचा ता."

काशीराम फडकं परत घ्यायला हात पुढे करू लागला.

"सांगा म्हटलंय मा? मासो साफ करूक येता माका, गाडी काय वेगळी?"

गाडी वेगळी होती. कोरड्या फडक्याने तिला हातही लावायचा नाही, हे पहिलं. आधी गोडं पाणी, घागरींवर घागरी, अंगावर बसलेलं मीठ विरघळेपर्यंत. नंतर रिठ्याच्या फेसाने वरून खाली धुवायची. फडकं जमिनीवर पडलं की बाद, कारण वाळूचा एक कण जरी त्यात अडकला तरी रंगावर ओरखडा उठतो. आणि इथे तर डोळ्यांत, भातात, अंथरुणात, जिथे बघावं तिथे वाळूच. म्हणून जुन्या धोतराची फडकी चुलीवरच्या दोरीवर सुकू लागली. काम करायचं ते सकाळी, वारा उठायच्या आत. "आणि त्यो बांगड्यो," काशीराम ओट्यावरून म्हणाला. यमुनाबाईने काचेच्या बांगड्या मनगटावर वर सरकवल्या आणि त्यांवर कापडाची पट्टी गुंडाळून बांधली. जणू हाताला लागलं असावं.

धुऊन झाली तेव्हा गाडी स्वच्छ दिसली, पण मेल्यासारखी. खडू फासल्यासारखा फिकट, लालसर, आंधळा रंग. तिच्यात काहीच दिसत नव्हतं. काशीरामने मुंबईहून आणलेला एक डबा काढायला लावला. आत खडूच्या लगद्यासारखं काहीतरी होतं. ते बोटभर फडक्यावर घ्यायचं आणि तळहाताएवढा एकच तुकडा धरून चोळायचं, सरळ रेघेत, पुढे मागे, पुढे मागे. गोल गोल नाही.

तिने चोळायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात ओरडली, "अवो, फडक्याक रंग लागलो! रंग जाता हो!"

"लागांदे," काशीराम म्हणाला. "ती मेलेली कातडी. खाली जितो रंग आसा. चोळ तू."

ती चोळत राहिली. बाजूला समुद्राची गाज चालू होती, आणि तिला कळलंही नाही पण तिचा हात त्या गाजेच्या लयीत पुढे मागे जायला लागला होता. लाट येत होती, लाट जात होती. मग काशीराम म्हणाला, "आता पूस." तिने दुसऱ्या, मऊ फडक्याने तो तुकडा पुसला आणि हात तसाच राहिला.

बॉनेटवर, त्या आंधळ्या रंगाच्या मधोमध, पिकलेल्या रातांब्याच्या, कोकमफळाच्या सालीसारखा गडद, रसरशीत रंग उघडला होता. तळहाताएवढाच. आणि त्यात वरच्या मांडवाच्या फटीतून आलेला आभाळाचा एक तुकडा होता, त्यात माडाचं एक पान हलत होतं.

यमुनाबाई बराच वेळ त्या तुकड्यात वाकून बघत राहिली. खोल विहिरीत बघावं तसं.

त्यानंतर तिचे दिवस बदलले. पहाटे किनाऱ्यावर रापणीची मोठी जाळी ओढून निघायची तिथे जाऊन मासळी घ्यायची, मसुऱ्याच्या बाजारात विकायची, हे चालूच होतं. पण बाजार नसेल त्या सकाळी ती गाडीपाशी. बॉनेट झालं, मग चाकांवरचे वाकलेले पत्रे, मग दारं. काशीराम ओट्यावरून आता मांडवाच्या कडेला आला. त्याच्यासाठी तिने तिथे एक खुर्ची ठेवली. सुरुवातीला तो नुसतं "डावीकडे ऱ्हवला", "हलक्या हातान" असं सांगायचा. हळूहळू सांगण्यासारखं काही उरलं नाही. तिच्या फडक्याची सळसळ तेवढी चालायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण गाडी पुसत नसून काहीतरी धुक्याखालून वर काढतोय, आणि ते पूर्ण वर आलं की काय असेल कोण जाणे.

एकदा मागच्या दाराशी बसून चोळताना तिने न बघताच विचारलं, "इतकी वर्सां तुमी हिका रोज पुसलात?"

"रोज. सकाळी. शेठ उठायच्या आदी."

"कंटाळो नाय इलो?"

"कंटाळो कसलो?" काशीराम म्हणाला. "त्या बंगल्यात आपली भास कोणाक कळा नाय. शेठ गुजरातीत बोलत. स्वैपाकी त्येच्या भाषेत. दिवसभर माझ्या तोंडात दुसऱ्याचीच भास. मगे सकाळी हिका पुसता पुसता मी आपल्या भाषेत बोलत होतंय."

"हिच्याशी?"

"हिच्याशी कित्याक बोलतलंय?" तो जरा नवलानेच म्हणाला. "तुझ्याशी."

फडकं थांबलं.

"काय बोलत होतात?" तिने विचारलं.

"काय बोलतलंय! यमुने, आज पाऊस मोठो आसा, होड्यो वर काढल्यानी काय? यमुने, हयसर बांगडो बघलंय, पण आपल्यासारखो ताजो नाय. यमुने, हिराक दात इलो काय? असाच कायतरी." तो थोडा हसला. "एकदा शेठान ऐकला. इचारल्यान, काशीराम, ही यमुना कोण? मी म्हटलंय, देवाचा नाव घेतंय."

दाराचा जो तुकडा आधीच झाला होता तोच यमुनाबाई पुन्हा चोळायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे तो बंगला आला, तिने कधीही न बघितलेला. एक मोठी पायरी, सकाळचा थंड उजेड, आणि एक तरुण माणूस वाकून गाडीच्या पाठीवरून हात फिरवतोय आणि पुटपुटतोय. इकडे त्याच वेळी एक तरुण बाई पाटी डोक्यावर घेऊन मसुऱ्याच्या वाटेने चाललेली. तिला कुणी हाक मारत होतं आणि तिला ती ऐकू येत नव्हती. इतकी वर्षं. तिने मान खाली घातली आणि दाराला कपाळ टेकवलं. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं.

"काय झाला गो?" काशीरामने विचारलं.

"काय नाय. हयसर एक डाग आसा, तो बघतंय."

पौषात सगळा रंग वर आला. शेवटी मेणाचा हात द्यायचा होता. पातळ, अगदी पातळ मेण लावायचं, सुकू द्यायचं आणि मऊ फडक्याने उजळायचं. त्या दिवशी वारा पडला होता. यमुनाबाईने मेण उजळलं आणि मागे सरकून उभी राहिली. पुढच्या दारात तिला एक बाई दिसली. तिच्या घरात आरसा होता तो हाताच्या पंजाएवढा, कुंकवापुरता. आपण अख्ख्या कशा दिसतो ते तिला ठाऊकच नव्हतं. रातांब्याच्या रंगात बुडालेली ती बाई सडपातळ होती, उभी राहण्याची तिची ढब ताठ होती, केस कानाशी पांढरे होते. तिच्या पाठीमागे माड उलटे वाकले होते आणि त्यांच्यामागे समुद्र गाडीच्या अंगावरून वाहत चालला होता, सावकाश, मुळीच आवाज न करता. मग त्या बाईशेजारी काठी टेकत एक माणूस येऊन उभा राहिला. दोघं तशीच एकमेकांकडे बघत राहिली, गाडीतल्या गाडीत.

"ही चलता काय अजून?" यमुनाबाईने विचारलं.

"चलाक काय झाला? पण चलवतलो कोण? गियराक डावो हात व्हयो, क्लचाक डावो पाय. माझे दोनय गेले."

ते तेवढ्यावरच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती आतून पुसायला म्हणून ड्रायव्हरच्या जागेवर बसली. काशीरामला उन्हाचा ताप नको म्हणून तिने त्याला पलीकडच्या, डाव्या बाजूच्या जागेवर बसवलं होतं. ती स्टिअरिंगच्या चाकामागचं लाकूड पुसत होती. बाहेर गंगू सुकत घातलेली मासळी पालथी करत होती. आणि यमुनाबाईचं लक्ष गेलं, तर काशीरामचा उजवा, धडधाकट हात आपसूक दोघांच्या मधल्या दांड्यावर जाऊन विसावला होता. गियरचा दांडा. त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. दोघांनी एकदमच त्या हाताकडे बघितलं.

"पाय माझे आसत," यमुनाबाई हळूच म्हणाली.

काशीरामने तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "डाव्या पायाखाली काय लागता?"

"कायतरी कडक आसा."

"दाब ता."

तिने अनवाणी पायाने ते दाबलं. काशीरामने दांडा पुढे सारला. खट् असा गोड आवाज झाला. ती हसली, आणि मग तोही हसला. त्याला आजारानंतर तसं हसताना तिने प्रथमच बघितलं.

मग कित्येक सकाळी दोघं उभ्या गाडीत बसून गाडी चालवत होती. "आता इंजिन वरडता, ऐकू येता? दाब," असं तो म्हणायचा, ती दाबायची, तो दांडा ओढायचा. उजव्या पायाने वेग कसा द्यायचा, कसं थांबायचं, तेही शिकवायचा. कासोट्याचं लुगडं पायांना मोकळं होतं. गंगूने कुडाच्या पलीकडून विचारलं, "यमुने, खंय चललंस गो?" तर यमुनाबाई समोरच्या माडाकडे बघत म्हणाली, "खारेपाटणाक. मगे मुंबईक."

मसुऱ्याला पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळणारा हरिश्चंद्र काशीरामच्या ओळखीचा होता. तो येऊन मेलेली बॅटरी काढून घेऊन गेला आणि मालवणातून भरून घेऊन आला. त्याने नळ्या फुंकल्या, तेल बघितलं, पत्र्याच्या डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं. गाडी बाईमाणूस चालवणार हे कळल्यावर त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "रस्त्यार न्हेव नुको हां वैनी. लायसन मागतीत."

"रस्तो खंय आसा हयसर?" यमुनाबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हताच. अमावास्येच्या आसपास समुद्र लांब हटतो तेव्हा पाण्याच्या कडेची वाळू अशी घट्ट होते की तिच्यावर बैल पळवावेत. त्या वाळूवर कधी कुणी खड्डा केला नव्हता, कुणी वळण काढलं नव्हतं. पुढच्या अमावास्येला दुपार कलल्यावर ओहोटी लागली. चाकांखाली झापं घातली. गंगू, हरिश्चंद्र आणि आजूबाजूच्या घरांतली माणसं यांनी ढकलून गाडी मऊ वाळूतून खालच्या ओल्या वाळूवर नेली. हरिश्चंद्रने पुढून हँडल मारलं. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा तिने श्वास घेतला.

पहिल्यांदा ती बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा चालली, पण यमुनाबाई घाबरून पाण्याच्या बाजूला वळली, पुढचं चाक रुतलं आणि एक लाट येऊन गाडीच्या पायरीवर चढली. "मीठ! मीठ लागला तिका!" काशीराम ओरडला. रापण ओढणारे दोर टाकून धावत आले, हसत, आरडाओरडा करत, आणि त्यांनी गाडी उचलल्यासारखीच बाहेर काढली. यमुनाबाई घामाने निथळली होती.

"ऱ्हवांदे आता?" काशीरामने विचारलं.

"ऱ्हवांदे कित्याक? मारूक सांगा हँडल."

या खेपेला तिने डाव्या पायाखालचं सावकाश, अगदी सावकाश सोडलं, दमलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा तसं. गाडी चालू लागली. इंजिन ओरडलं तेव्हा तिने दाबलं, त्याचा हात हलला. पुन्हा दाबलं, पुन्हा हात हलला. मागची माणसं, त्यांचे आवाज, लहान होत गेले. पुढे कुणी नव्हतं. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, आणि गाडीच्या लांब नाकावरही तेच आभाळ होतं. कुठे वाळू संपते आणि कुठे गाडी सुरू होते ते दिसेना. काचेच्या कडेने पक्ष्यांचा एक थवा उठला आणि बॉनेटच्या रंगातून उडत पलीकडे गेला. यमुनाबाईला वाटलं, आपण जमिनीवर नाही. पाण्यावरही नाही. दोहोंच्या मधे कुठेतरी, जिथे ही गाडी इतकी वर्षं उभी राहून बोलणं ऐकत होती तिथे.

"आता खंय जावया?" तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने क्षणभर डावीकडे बघितलं. काशीरामची मान खांद्यावर कलली होती. मग त्याची छाती वरखाली होताना दिसली, ओठांतून हलका श्वास येत होता. तो झोपला होता. आयुष्यभर तो गाडीत जागा राहिला होता आणि मागच्या गादीवर दुसरी माणसं झोपली होती. आज प्रथमच गाडी चालताना त्याने डोळे मिटले होते. हात मात्र अजून दांड्यावरच होता.

त्याला उठवल्याशिवाय गियर बदलता आला नसता, आणि त्याला उठवायचं तर तिला नव्हतं. तिने उजव्या पायाचा भार तेवढाच ठेवला, ना जास्त, ना कमी. गाडी एका सुरात गुणगुणत चालली. समोर खाडीचं मुख दिसू लागलं, पाणी चमकत होतं, पलीकडच्या होड्यांची शिडं खाली उतरत होती. किनारा तिथे संपत होता. यमुनाबाईने चाक दोन्ही हातांनी धरलं आणि अगदी हळू, सगळ्या वाळूची रुंदी घेत, एक भलं मोठं वळण काढायला सुरुवात केली.